एक्स बंद करणे आहे

आमच्या घराण्यात कपडे, पुस्तकं आणि उपदेश मामाकडून भाच्याकडे जात असत. कॉम्प्युटर आला आणि गंगा उलटी वाहू लागली. भाचा नवीन वस्तू घेतो, जुनी मला देतो आणि वर उपदेशही देतो. गेल्या भाऊबीजेला मी बहिणीकडे हिंजवडीला गेलो, ओवाळणी घातली, जेवलो. डोंबिवलीला परत येऊन पिशवी उघडली तर चिवड्याच्या डब्याखाली भाच्याचं जुनं ग्राफिक्स कार्ड निघालं. सोबत चिठ्ठी होती : "मामा, हे बसवून घे. ड्रायव्हर तू स्वतः टाकू शकशील."

'शकशील' या शब्दावर मी भाळलो. साठीनंतर माणसाला असं कुणी म्हणत नाही.

माझ्या कॉम्प्युटरवर लिनक्स आहे. तेही भाच्यानेच घातलेलं, आणि माझ्या हट्टाखातर सगळा कारभार मराठीत. कार्ड स्टेशनजवळच्या दुरुस्तीवाल्याने बसवून दिलं. ड्रायव्हरची फाइल मी उतरवून घेतली आणि चालवली. तिने काहीएक न करता उत्तर दिलं, त्याचा मराठी मथितार्थ असा : आपण एक्स सर्व्हर चालवत आहात असे दिसते. कृपया आधी एक्समधून बाहेर पडा.

'असे दिसते' वाचून मला घाम फुटला. आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी या नात्याने अशा नोटिसा मी स्वतः लिहितो. 'आपण गॅलरीत कबुतरे पोसत आहात असे दिसते.' नोटीस मिळालेला माणूस काय म्हणतो हे मला अनुभवाने ठाऊक आहे. तो म्हणतो, मी? मी तर काहीच पोसत नाही! मीही तेच म्हणालो. मग भाच्याला फोन लावला.

"मामा, आधी एक्स बंद कर."

"हा एक्स कोण?"

"तुला स्क्रीनवर जे जे दिसतंय ना, ते दाखवणारा."

"मग तो बंद केल्यावर पुढचं मला दिसणार कसं?"

पलीकडे क्षणभर शांतता. हा प्रश्न त्याला यापूर्वी कुणी विचारला नसावा. "दिसेल रे. काळ्यावर पांढरी अक्षरं दिसतील. फक्त चित्र जाईल. बरं, माझी मीटिंग आहे. तू एक्स बंद करून ठेव, मी अर्ध्या तासात फोन करतो." 'गॅस बंद करून ठेव' म्हणावं इतक्या सहजपणे तो हे बोलला.

यात सहज काय आहे ते नंतर समजलं. चारचौघांच्या कॉम्प्युटरमध्ये यंत्र आणि चित्र दुधात पाणी मिसळावं तसे एकजीव असतात. लिनक्समध्ये चित्र हे सायीसारखं वर असतं. साय काढून घेतली तरी खाली दूध शिल्लक राहतं आणि ते चांगलं चालतं. जगभरच्या थंडगार खोल्यांमध्ये लिनक्सची असंख्य यंत्रं जन्मभर सायीशिवाय राबत असतात. तेव्हा साय काढणे हा काही अपघात नाही, रीतसर सोय आहे. ती साय कुठून धरायची, एवढंच तेवढं शोधावं लागतं.

मी आधी सगळ्या खिडक्या बंद केल्या. ब्राउझर, पंचांग, कॅल्क्युलेटर, एक पत्त्यांचा डाव जो बंद करताना जिवावर आलं. स्क्रीनवर फक्त मागचं डोंगराचं चित्र उरलं. झाला एक्स बंद, असं समजून आज्ञा लिहिण्याची काळी खिडकी उघडून ड्रायव्हर पुन्हा चालवला. आपण एक्स सर्व्हर चालवत आहात असे दिसते.

आता यातली गंमत अशी, की खिडक्या म्हणजे एक्स नव्हे. खिडक्या त्याच्याकडे कामापुरत्या येणाऱ्या. आमची सोसायटी १९८७ साली उभी राहिली तेव्हा सोळा बिऱ्हाडांत मिळून एकच टेलिफोन होता, तळमजल्यावरच्या काकूंकडे. कुणाचाही फोन आला तरी तो आधी काकू उचलणार आणि जिन्यात येऊन ओरडणार, "तिसरा मजला! सासूबाई!" कुणाला बाहेर निरोप द्यायचा असला तरी काकूंच्याच दारात उभं राहायचं. एक्स म्हणजे त्या काकू. कीबोर्डवर बोट पडलं की ते आधी एक्सला कळतं. हे अक्षर कुठल्या खिडकीचं, हे तो ठरवतो आणि हाक मारतो. खिडकीला काही दाखवायचं असेल तर तीही एक्सलाच विनवते : बाई, माझ्यासाठी इथे एक रेघ ओढा. म्हणून सर्व्हर तो, आणि बाकी सगळे त्याचे अशील. सर्व्हर म्हटलं की लांब कुठेतरी ठेवलेलं मोठं धूड डोळ्यांपुढे येतं. हा सर्व्हर मात्र आपल्याच टेबलावर, आपल्याच नाकासमोर असतो. हे उलटंपालटं ऐकून भलेभले गोंधळलेत, तेव्हा माझं काही चुकलं नाही.

या काकूंचा जन्म १९८४ चा, एमआयटीतला. कोथरूडची नव्हे, अमेरिकेतली. तिथे अथेना नावाचा प्रकल्प चालू होता. निरनिराळ्या कंपन्यांची यंत्रं, आणि विद्यार्थ्याने कुठल्याही यंत्रावर बसावं, काम मात्र तेच दिसावं, अशी इच्छा. बॉब शायफ्लर आणि जिम गेटिस यांनी त्यासाठी ही व्यवस्था उभारली. त्याआधी स्टॅनफर्डमध्ये याच कामाची एक प्रणाली होती, तिचं नाव डब्ल्यू. आणि ती डब्ल्यू जिच्यावर चालायची त्या प्रणालीचं नाव व्ही. डब्ल्यूच्या पुढचं अक्षर म्हणून एक्स. पोराचं नाव ठेवायला पत्रिकेतलं अक्षर घ्यावं तसा हा प्रकार. तीन वर्षांत दहा आवृत्त्या झाल्या, आणि १९८७ च्या सप्टेंबरात अकरावी आली. ती आजतागायत अकरावीच आहे. आमची इमारत आणि एक्सची अकरावी आवृत्ती एकाच सालच्या, हे कळल्यावर मला त्याच्याबद्दल आपुलकी वाटू लागली. दोघांनाही गळती आहे, दोघांनाही वरून प्लास्टर मारून मारून उभं ठेवलंय आणि दोघांचे मूळ नकाशे ज्यांना समजतात अशी माणसं दिवसेंदिवस कमी होताहेत.

आपुलकी असली तरी बंद तर करायचा होता.

माझ्या कपाटात लिनक्सचं एक जुनं पुस्तक आहे. त्यात छातीठोक लिहिलं होतं, की कंट्रोल, ऑल्ट आणि बॅकस्पेस ही तीन बटणं एकदम दाबली की एक्स जागच्या जागी कोसळतो. मी दाबली. काही कोसळलं नाही. जोर लावून दाबली. पुस्तक खोटं नव्हतं, जुनं होतं. पूर्वी हा झटका खरोखर बसायचा. पण लोकांचा हात चुकून त्यावर पडायचा आणि दिवसभराचं काम क्षणात स्वर्गवासी व्हायचं. विशेषतः ज्यांना तीन-तीन बटणं एकदम दाबायची सवय आहे अशा जातिवंत प्रोग्रामरांचं. शेवटी ही सोय मुळात बंद ठेवायची असं ठरलं आणि उबुंटू या लिनक्सच्या अवताराने २००९ च्या आपल्या ९.०४ आवृत्तीपासून तसं केलं. ओपनसुसे या दुसऱ्या अवताराने वेगळी तोड काढली : एकदा दाबलं तर फक्त इशारा, लगेच पुन्हा दाबलं तर झटका. मला ही जास्त माणुसकीची वाटते. आमच्याकडेही पार्किंगच्या बाबतीत पहिल्यांदा शिट्टी आणि मगच हवा काढतात.

हा झटका तेव्हा परत सुरू करता यायचा, पण त्याची कळ ज्याने लिहिली तो सोसायटीच्या सभांना बसलेला असणार. कळीचं नाव होतं 'डोंट झॅप', म्हणजे झटका देऊ नये. झटका द्यावा असं वाटलं तर तिच्यापुढे 'असत्य' असं लिहायचं. 'झटका देऊ नये' हे असत्य, म्हणून द्यावा. आमच्याकडे एक सभासद दरवर्षी 'माझा विरोध नाही असं नाही' असं म्हणून हात वर करतात. त्यांना दाखवलं तर पटकन समजेल. मला कागदावर मांडून बघावं लागलं.

एवढ्यावर अर्धा तास गेला. भाच्याची मीटिंग आटपेना. रिकामं बसवेना म्हणून मी वार्षिक सभेचं इतिवृत्त लिहायला घेतलं. लिब्रेऑफिसमध्ये हिशेबाचे, पाण्याच्या टाकीचे असे सगळे विषय घेत पार्किंगच्या ठरावापर्यंत आलो. ठराव नाजूक होता. चार नंबरची जागा कुणाची यावर सभेत पाऊण तास रण पडलं होतं. तो मी तोलून मापून, स्वल्पविरामांची जागा बदलत लिहिला. लिहिता लिहिता मन एक्सकडेच. तेवढ्यात वाचनात आलं की पी-किल नावाची आज्ञा आहे. ती दिली, एक्सऑर्ग हे एक्सचं नाव सांगितलं, की काम तमाम.

या खात्याची भाषा ऐकावी अशी आहे. इथे मारण्याला क्रमांक आहेत. पंधरा क्रमांकाने मारणं म्हणजे विनंती : आवराआवर करा आणि निघा. नऊ क्रमांकाने मारणं म्हणजे शेवटचं पाणीसुद्धा पाजायचं नाही. मी सभ्य माणूस, पंधरा क्रमांक घेतला. काळ्या खिडकीत पासवर्ड टाकला आणि एंटर दाबलं.

ती काळी खिडकी स्वतः एक्सचीच एक अशील होती, हे एंटर दाबल्यानंतर लक्षात आलं. काकूंच्याच फोनवरून टेलिफोन खात्याला कळवायचं, की काकूंचा फोन तोडा! खिडकी गेली, डोंगर गेला, इतिवृत्त गेलं. स्क्रीन काळा झाला. मी विजयाने मूठ आवळली, ती वर जाते न जाते तोच स्क्रीन उजळला आणि पासवर्ड विचारणारी प्रसन्न पाटी पुन्हा हजर. एक्स जिवंत. फक्त माझं काम तेवढं मेलं.

लिब्रेऑफिस मधूनमधून स्वतःच जतन करून ठेवतं, त्यामुळे पुन्हा आत शिरल्यावर इतिवृत्त परत मिळालं. पाण्याच्या टाकीपर्यंत मिळालं. त्यापुढचं, म्हणजे शेवटच्या काही मिनिटांतलं, म्हणजे नेमका पार्किंगचा ठराव, नाही.

भाच्याचा फोन आला तेव्हा मी रडकुंडीला आलो होतो.

"मारला तरी उठतोय रे तो!"

"तू एक्सला मारलंस? अरे मामा, त्याला मारून काय होणार? त्याला ज्याने कामावर ठेवलंय त्याला सांगायला पाहिजे."

म्हणजे शिपायाला परस्पर घरी पाठवलं आणि साहेबाने दुसरा शिपाई बोलावला, असा मामला. एक्सच्या वर एक मॅनेजर असतो, डिस्प्ले मॅनेजर. पासवर्डाची पाटी लावतो तो हाच. त्याला नेमून दिलेलं काम एवढंच, की पडद्यावर एक्स हवा. गेला तर दुसरा उभा कर. त्याने इमानेइतबारे तेच केलं, चूक माझी होती. या मॅनेजरचीही घराणी आहेत : ग्नोमवाल्यांचा जीडीएम, केडीईवाल्यांकडे एसडीडीएम, आणखी एक लाइटडीएम. पूर्वी आपल्याकडे कोण आहे ते नावानिशी माहीत असावं लागे. आता बऱ्याच ठिकाणी नुसतं 'मॅनेजरसाहेब' म्हटलं तरी पोचतं. मॅनेजरच्या वर सिस्टिमडी. तो सगळ्यांचा मुकादम, क्रमांक एक.

"आता नीट ऐक. कंट्रोल, ऑल्ट, एफ-तीन."

दाबलं. चित्र गडप. काळ्या पडद्यावर नाव विचारणारी एक ओळ आणि लुकलुकणारी रेघ.

"झाला बंद!" मी ओरडलो.

"नाही, मामा. तू फक्त शेजारच्या खोलीत आलास. तो तिकडे आहेच."

लिनक्समध्ये अशा अनेक खोल्या असतात आणि अशा बटणांनी या खोलीतून त्या खोलीत जाता येतं. किती वर्षं हे यंत्र वापरतोय, घरात इतक्या खोल्या आहेत हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी नाव सांगितलं, पासवर्ड टाकला. टाकताना पडद्यावर ठिपकासुद्धा उमटत नाही. आंधळ्या कोशिंबिरीत दोनदा चुकलो. तिसऱ्यांदा आत.

मग भाच्याने एक एक अक्षर करत आज्ञा सांगितली. आज्ञेचा अर्थ विचारल्यावर तो म्हणाला, "आयसोलेट मल्टियूजर टार्गेट." म्हणजे 'एकटे पाडा' आणि 'अनेकजण' हे एकाच ओळीत. एकत्र कुटुंबाचं इतकं नेमकं वर्णन मी दुसरीकडे वाचलेलं नाही. जुने लोक यालाच 'तीन नंबरवर जाणे' म्हणत. रेड हॅटच्या जुन्या पद्धतीत पाच नंबर म्हणजे चित्रासकट आणि तीन म्हणजे चित्राविना. लिफ्टसारखं सोपं होतं. असो.

मी एंटर दाबलं. या खेपेला मॅनेजर खरोखरच गेला, आणि तो गेल्यावर एक्सही निमूटपणे गेला. कुणी उठून बसलं नाही. खोली शांत. पंख्याची बारीक घरघर, काळा पडदा आणि ती लुकलुकणारी रेघ.

चहा घेऊन सौ. आत आल्या. पडद्याकडे पाहून कप हळूच टेबलावर ठेवला आणि दिवसकार्याला आलेल्या माणसाच्या आवाजात म्हणाल्या, "अहो, गेला का?"

"बंद केलाय."

"मुद्दाम?"

या एका शब्दाला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

"आता ड्रायव्हरची फाइल चालव," भाचा म्हणाला, "कुठे ठेवली आहेस?" फाइल जिथे उतरते तिथेच होती. कारभार मराठीत, त्यामुळे त्या फोल्डरचं नावही मराठीत, डाउनलोड. यादी मागितली. पडद्यावर चौकोनांच्या ओळी आल्या. चार चौकोन, सहा चौकोन, पुन्हा चार चौकोन. सगळ्या फोल्डरांनी बुरखे घेतलेले.

एक्स किती कामाचा होता हे मला इथे कळलं. या काळ्या पडद्याच्या खिळ्यांच्या पेटीत फार तर पाचशे बारा चिन्हं मावतात. इंग्रजीचं तेवढ्यात भागतं, वर रेघा आणि चौकटी ठेवायलाही जागा उरते. देवनागरीचा संसार मोठा. जोडाक्षरं जोडायची, रफार उचलून डोक्यावर न्यायचा, पहिली वेलांटी लिहायची नंतर आणि दाखवायची आधी. हे सगळं नटवणारी मंडळी चित्राच्या मजल्यावर राहतात, आणि तो मजला मी नुकताच रिकामा केला होता. इंग्रजी घरच्या बनियनवर दूध आणायला जाऊ शकते. मराठीला नऊवारी नेसल्याशिवाय उंबरा ओलांडता येत नाही.

नाव दिसत नव्हतं ते एक, आणि टाइपही करता येत नव्हतं. भाचा थोडा वेळ गप्प राहिला. इंजिनिअर लोक गप्प झाले की भीती वाटते. मग म्हणाला, "मामा, नावाच्या जागी चांदणी टाक."

लिनक्समध्ये चांदणीचा अर्थ 'जे काही असेल ते'. ज्याचं नाव घेता येत नाही त्याला चांदणी म्हणायचं. माझी आजी आजोबांचं नाव उभ्या जन्मात कधी घेत नव्हती. 'इकडून येणं झालं', 'तिकडे कळवावं', असंच चालायचं, आणि कुणाबद्दल बोलणं चाललंय यात कधी घोटाळा झाला नाही. तसाच मी चांदणी, तिरकी रेघ, पुन्हा चांदणी असं लिहून 'इकडच्या फोल्डरातली तिकडची फाइल' चालवली, आणि ती चालली! भाच्याला आजीची गोष्ट सांगितली. त्याला ती समजली नाही.

ड्रायव्हर बसण्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. दहा प्रश्न विचारले, दहाही वेळा मी होय म्हटलं. मग भाच्याने सांगितल्याप्रमाणे तीच आज्ञा दिली, फक्त 'अनेकजण'च्या जागी 'ग्राफिकल', आणि चित्र परतलं. डोंगर परतला. फोल्डरांवर मराठी नावं शिरोरेघेसकट उजळली. डोंगर आधीपेक्षा जास्त ठसठशीत दिसतो असं मला वाटलं. सौ. म्हणाल्या, तसाच आहे.

"पुढच्या वेळी ही कटकटच नाही," भाचा फोन ठेवता ठेवता म्हणाला, "एक्स जाऊन वेलँड येतंय."

चौकशी केली. वेलँड म्हणजे एक्सचा पुनर्विकास. क्रिस्टियन हॉग्सबर्ग या गृहस्थांनी २००८ साली त्याचा पाया घातला. मॅसॅच्युसेट्समधल्या वेलँड गावातून गाडीने जाताना त्यांना कल्पना सुचली म्हणून हे नाव. जुनी इमारत दुरुस्तीच्या पलीकडे गेली, नव्याने बांधू, फोनवाल्या काकू आणि खिडक्या मांडणारा असे दोघे कशाला, एकालाच दोन्ही कामं देऊ, असा एकूण आराखडा. फेडोरा या लिनक्सच्या आणखी एका अवताराने २०१६ साली आपल्या पंचविसाव्या आवृत्तीत नव्या इमारतीत मुक्काम हलवला. पण सगळी जुनी बिऱ्हाडं तयार कुठे होतात? जे प्रोग्राम एक्स सोडायला राजी नाहीत त्यांच्यासाठी वेलँडच्या आवारातच एक्सवेलँड नावाची सोय आहे. म्हणजे संक्रमण शिबिर. संक्रमण शिबिरात तात्पुरती गेलेली माणसं तिथे किती वर्षं राहतात, हे मुंबईच्या वाचकाला मी सांगायला नको. आमच्याही सोसायटीत पुनर्विकासाचा विषय २००८ पासूनच निघतोय, या योगायोगाबद्दल मी कुणालाच काही म्हणत नाही.

यंदाच्या इतिवृत्तात पार्किंगचा ठराव नाही, याची सभासदांनी नोंद घ्यावी. तो नक्की काय झाला होता ते ज्यांना आठवत असेल त्यांनी सेक्रेटरीला लेखी कळवावं. आतापर्यंत तिघांनी कळवलंय, आणि तिघांच्या मते चार नंबरची जागा त्यांचीच आहे.